‘डिजिटल अरेस्ट’ : फोनवरून अटक होत नाही, मग माणसं अडकतात कशी?

फोन उचलला की आधी रेकॉर्ड केलेला आवाज ऐकू येतो. ‘ही ट्रायकडून, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडून, सूचना आहे. तुमचा मोबाइल नंबर दोन तासांत बंद होणार आहे. अधिक माहितीसाठी ९ दाबा.’ कधी कुरिअर कंपनीचं नाव असतं: तुमच्या नावाने मुंबईहून तैवानला निघालेलं पार्सल कस्टमने अडवलंय, त्यात चार-पाच पासपोर्ट आणि अमली पदार्थ सापडलेत. ९ दाबलं की पलीकडे खरा माणूस येतो. तो अगदी सौम्य बोलतो. तुमचं पूर्ण नाव, पत्ता, आधार क्रमांक तोच तुम्हाला वाचून दाखवतो. ‘काका, तुमच्या आधारचा कुणीतरी गैरवापर केलाय. तुम्ही लगेच पोलिसांकडे तक्रार नोंदवा. मीच लाइन जोडून देतो.’

हा माणूस आपल्या बाजूचा वाटतो आणि निम्मं काम इथेच उरकतं. कारण आता पोलिसांनी तुम्हाला फोन केलेला नसतो, तुम्हीच तक्रारदार म्हणून ‘पोलिसांना’ फोन लावलेला असतो. स्वतःहून जिथे गेलो तिथे संशय घ्यायचं कुणाच्या मनात येत नाही.

पुढे व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल येतो. खांद्यावर तारे असलेला गणवेश, मागे मुंबई पोलिसांचं बोधचिन्ह, वायरलेसची खरखर. सुरुवातीला चौकशी होते आणि मग सूर बदलतो. तुमच्या आधारवर एक बँक खातं उघडलंय, त्यातून काळा पैसा फिरलाय, तुम्ही आता संशयित आहात. सीबीआय किंवा ईडीच्या नावाचं, सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का असलेलं वॉरंट पाठवलं जातं. ‘तुम्ही ज्येष्ठ नागरिक आहात म्हणून कोठडीऐवजी घरातच डिजिटल अरेस्टमध्ये ठेवतोय. कॅमेरा बंद करायचा नाही. घरात कुणालाही सांगायचं नाही, सांगितलंत तर तेही आरोपी होतील.’ मग तास जातात, कधी दिवस, कधी आठवडे. शेवटी सुटकेचा एक मार्ग दाखवला जातो: तुमचे सगळे पैसे ‘पडताळणीसाठी’ रिझर्व्ह बँकेच्या खात्यात भरा, स्वच्छ निघाले की परत मिळतील.

दक्षिण मुंबईतल्या ८६ वर्षांच्या एका आजींकडून डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात अशा रीतीने २० कोटींहून अधिक रुपये काढले गेले. २०२५ मध्येच मुंबईतल्या ७२ वर्षांच्या एका व्यावसायिकाचे ५८ कोटी गेले. लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये ७ कोटी गमावले. त्यांच्यासाठी तर भामट्यांनी सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी उभी केली आणि तत्कालीन सरन्यायाधीशांच्या नावाने एक तोतया तिथे ‘आदेश’ देत होता. ओसवालांनी ही गोष्ट लपवली नाही, जाहीरपणे सांगितली. हे त्यांचे आपल्यावर उपकारच आहेत, कारण इतका मोठा उद्योग चालवणारा माणूस अडकतो म्हटल्यावर ‘असं फक्त अडाण्यांचं होतं’ हा समज टिकत नाही.

सायबर फसवणुकीबद्दल बोलताना आपल्याकडे लगेच दोन निदानं होतात: एक तर माणूस हावरट असणार, नाहीतर त्याला मोबाइल कळत नसणार. खोट्या शेअर ट्रेडिंग ग्रुपमध्ये जास्त परताव्याचा मोह असतो हे खरं. पण डिजिटल अरेस्टमध्ये मोह कुठेच नाही. यात सापडतात ते निवृत्त डॉक्टर, बँक अधिकारी, प्राध्यापक, मोठ्या पदांवर राहिलेली माणसं. ज्यांनी आयुष्यभर कर वेळेवर भरला, ज्यांना पोलीस ठाण्याची पायरी कधी चढावी लागली नाही, ज्यांना सरकारी कागदाचा आदर आहे आणि धाकही. जो माणूस रोज कोर्टकचेरीत वावरतो तो वॉरंट पाहून घाबरत नाही, त्याला खऱ्या वॉरंटचं रूप ठाऊक असतं. जो कायदा पाळतो पण कायद्याचं काम कसं चालतं ते ज्याने कधी पाहिलेलं नाही, तो घाबरतो. म्हणून मला वाटतं, या गुन्ह्यापासून वाचण्यासाठी मोबाइलपेक्षा कायद्याची माहिती जास्त उपयोगी पडते.

तर कायदा काय म्हणतो ते पाहू.

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. अटक कशी करायची ते तिच्या कलम ४३ मध्ये लिहिलंय: पोलीस अधिकाऱ्याने त्या व्यक्तीच्या शरीराला प्रत्यक्ष स्पर्श करायचा किंवा तिला प्रत्यक्ष बंदिस्त करायचं, ती स्वतःहून शब्दाने किंवा कृतीने ताब्यात येत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे अटक करायला पोलीस तुमच्यासमोर असावा लागतो. स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत करायची झाली तर महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. अटकेचं कारण सांगावं लागतं, नातेवाइकाला किंवा मित्राला कळवावं लागतं. संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार अटक झालेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा त्याचा हक्क कुणाला नाकारता येत नाही. आता हे त्या व्हिडिओ कॉलशी ताडून पाहा. कायदा सांगतो, घरच्यांना कळवा. भामटा सांगतो, घरच्यांना कळू देऊ नका. कायदा वकील देतो, भामटा वकिलाचं नाव काढलं की चिडतो.

पोलिसांना चौकशीसाठी बोलवायचं असेल तर याच संहितेच्या कलम ३५ नुसार लेखी नोटीस येते. ही नोटीस व्हॉट्सॲपवर किंवा तशा इतर माध्यमातून बजावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. तेव्हा व्हॉट्सॲपवर आलेल्या ‘वॉरंट’चा शिक्का खरा की खोटा, सही कुणाची, याचा कीस पाडायची गरजच नाही. ते ज्या वाटेने आलं, ती वाटच चुकीची आहे.

पैशाबद्दलचा मुद्दा तर याहून सोपा आहे आणि तो घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा असं मला मनापासून वाटतं. सरकारला तुमच्या खात्यातले पैसे अडवायचे असतील, तर तपास यंत्रणा बँकेला पत्र देते आणि बँक खातं गोठवते. तुम्हाला विचारावंही लागत नाही. पैसे जिथे आहेत तिथेच अडकून राहतात. म्हणून ‘चौकशीसाठी पैसे दुसऱ्या खात्यात पाठवा’ हे वाक्य कोणताही खरा अधिकारी उच्चारूच शकत नाही, त्याला त्याची गरजच नसते. रिझर्व्ह बँक सामान्य माणसाचं बचत किंवा चालू खातं उघडत नाही आणि पडताळणीसाठी कुणाचे पैसेही ठेवून घेत नाही. ट्रायही कुणाचा नंबर बंद करण्यासाठी फोन करत नाही.

मग हे सगळं माहीत असलेलाही कधी कधी का अडकतो? कारण हा सगळा डाव माणसाला एकटं पाडण्याचा आहे. कॅमेरा चालू ठेवायला लावणं पाळतीसाठी असतंच, पण त्याहून अधिक, तुम्ही दुसऱ्या कुणाशी बोलू नये यासाठी असतं. झोपू देत नाहीत, रात्री दोन वाजता ‘हजेरी’ घेतात, दर तासाला ‘मी घरातच आहे’ असा मेसेज मागतात. एक अधिकारी ओरडतो, दुसरा समजूत काढतो: ‘आजी, साहेब जरा तापट आहेत, मी बोलतो त्यांच्याशी.’ थकलेल्या, घाबरलेल्या माणसाला तो दुसरा आवाज आधाराचा वाटायला लागतो. बँकेत पाठवतानाही फोन खिशात चालू ठेवायला सांगतात आणि काउंटरवर काय बोलायचं ते पढवतात: मुलाच्या फ्लॅटसाठी, नातीच्या शिक्षणासाठी एफडी मोडतोय. आपल्याकडे आणखी एक गोष्ट त्यांच्या मदतीला येते. नाव पोलिसांत गेलं, सोसायटीत कळलं, जावयाच्या कानावर गेलं तर काय होईल, ही भीती. अब्रू जाईल या धास्तीने माणूस गप्प राहतो, आणि तो गप्प आहे तोवरच पैसे जात राहतात.

लोकांना आणखी एक गोष्ट बुचकळ्यात पाडते: आपली माहिती त्यांच्याकडे आली कुठून? सिमकार्ड घेताना, हॉटेलात उतरताना, कर्जाची चौकशी करताना, घर भाड्याने देताना आधारच्या झेरॉक्स आपण वर्षानुवर्षं वाटल्या आहेत. कंपन्यांकडून फुटलेला डेटा बाजारात विकला जातो, तो वेगळाच. त्यामुळे समोरच्याला आपला आधार क्रमांक, पत्ता किंवा मुलाचं नाव माहीत आहे, यावरून तो अधिकारी ठरत नाही. स्क्रीनवर दिसणाऱ्या नंबरवरही विसंबता येत नाही. परदेशातून केलेला कॉल ९१ ने सुरू होणाऱ्या भारतीय नंबरवरून आल्यासारखा दाखवता येतो. दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये असे कॉल अडवणारी यंत्रणा सुरू केली, त्यामुळे ते कमी झाले, संपले नाहीत. आणि ऑनलाइन सुनावणी तर कोरोनाच्या काळापासून आपली न्यायालयं खरोखरच घेतात. खोटं नाटक उभं राहतं ते असं खऱ्याच्या आधाराने.

ही पद्धत मुळात भारतातली नाही. पोलीस, सरकारी वकील आणि न्यायालय अशी साखळी करून फोनवर धमकावण्याची फसवणूक तैवान आणि चीनमध्ये २००० नंतरच्या दशकातच पसरली होती. पुढे त्या टोळ्यांनी म्यानमार, कंबोडिया आणि लाओसमध्ये भिंती घातलेली संकुलं उभी केली. म्यानमारमधलं म्यावाडी, कंबोडियातलं सिहानुकविल ही त्यातली कुप्रसिद्ध ठिकाणं. गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने मे २०२४ मध्ये सांगितलं होतं, की त्या वर्षीच्या पहिल्या चार महिन्यांत भारतात आलेल्या तक्रारींपैकी ४६ टक्क्यांचा माग या तीन देशांपर्यंत जातो. त्या चार महिन्यांत एकट्या डिजिटल अरेस्टमध्ये १२० कोटी रुपये गेले होते.

या संकुलांत बसून फोन करणारे सगळेच भामटे नसतात, हे ऐकून त्रास होतो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ च्या अहवालात म्हटलं, की म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसांना जबरदस्तीने या कामाला जुंपलं असावं. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची, कस्टमर सपोर्टची चांगल्या पगाराची नोकरी असं सांगून एजंट तरुणांना नेतात, सीमा ओलांडली की पासपोर्ट काढून घेतात, दिवसाचं टार्गेट देतात आणि ते पुरं झालं नाही तर मारहाण करतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमधल्या माए सोतहून ५०० हून अधिक भारतीयांना परत आणलं. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबरने म्यानमारमध्ये अडकलेल्या ६० हून अधिक भारतीयांची सुटका केली आणि त्यांना नेणाऱ्या काही एजंटांना पकडलं. आपल्या ओळखीतलं कुणी अशा ऑफरवर निघालं असेल, तर विमानाचं तिकीट हातात पडण्याआधीच कंपनीचा पत्ता, व्हिसाचा प्रकार आणि एजंटची परराष्ट्र मंत्रालयाकडची नोंदणी तपासायला हवी. टुरिस्ट व्हिसावर नोकरीला बोलावणारी कंपनी खरी नसते.

म्हणून पैसा परदेशात जातो, पण त्याची पहिली पायरी इथेच असते. तुम्ही आरटीजीएस केलेले २० लाख सर्वप्रथम कुणातरी भारतीय माणसाच्या खात्यात पडतात. त्याला भाड्याचं खातं म्हणा, बँकवाले म्युल अकाउंट म्हणतात. कॉलेजच्या मुलाला, रिक्षावाल्याला, बंद पडलेल्या छोट्या धंद्याच्या मालकाला कुणीतरी सांगतं: तुझं खातं, एटीएम कार्ड आणि सिम महिनाभर दे, पाच-दहा हजार मिळतील. पैसे त्या खात्यात आले की मिनिटांत तुकडे होऊन दहा-वीस खात्यांत जातात, तिथून आणखी पुढे. काही एटीएममधून काढले जातात, बरेचसे क्रिप्टोत बदलून देशाबाहेर जातात. पोलीस सगळ्यात आधी पोहोचतात ते या पहिल्या खातेदाराच्या दारात. ‘मी फक्त खातं दिलं होतं’ हे सांगून त्याची सुटका होत नाही. वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींना ही गोष्ट पालकांनी स्पष्ट शब्दांत सांगायला हवी, कारण त्यांना हा गुन्हा आहे असं वाटतच नाही.

पैसे इतक्या वेगाने पुढे सरकतात, म्हणूनच १९३० या नंबरला महत्त्व आहे. ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन. पैसे गेल्याचं कळताच तिथे फोन करायचा: कोणत्या बँकेतून, कोणत्या तारखेला, किती वाजता, किती रक्कम आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे बँक त्या व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक. तक्रार नोंदली की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला संदेश जातो, तिथून पुढे गेले असतील तर त्याच्या पुढच्या बँकेला. ज्या टप्प्यावर रक्कम सापडेल तिथे ती रोखून धरली जाते. पहिल्या तास-दोन तासांत फोन केला तर काहीतरी हाती लागण्याची शक्यता बरीच असते, दुसऱ्या दिवशी फारच कमी. म्हणून आधी १९३०, मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर सविस्तर तक्रार, मग पोलीस ठाणं आणि बँकेत लेखी अर्ज. मुलगा पुण्याहून येईपर्यंत थांबू, असं अजिबात करू नये. फोन आला पण पैसे गेले नसतील, तर संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’मध्ये तो नंबर कळवता येतो. आपल्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत तेही त्याच पोर्टलवर दिसतं.

रोखलेली रक्कम मात्र लगेच परत मिळत नाही. ती मूळ मालकाला द्यायला साधारणपणे न्यायालयाचा आदेश लागतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करावा लागतो. ओसवालांचे ७ पैकी सव्वापाच कोटी पोलिसांना परत मिळवता आले, पण असं क्वचित घडतं. संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात सगळ्या प्रकारच्या सायबर फसवणुकीत भारतीयांचे २२,८४५ कोटी रुपये गेले, आदल्या वर्षी ७,४६५ कोटी गेले होते. आणि २०२१ मध्ये रक्कम रोखण्याची ही व्यवस्था सुरू झाल्यापासून २०२५ च्या मध्यापर्यंत वाचवता आलेली एकूण रक्कम सुमारे ५,५०० कोटी आहे.

बँक भरून देईल का? बहुतेकांना इथे धक्का बसतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची चूक नसताना, तिसऱ्याच कुणामुळे खात्यातून परस्पर पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान त्याच्यावर पडत नाही. पण डिजिटल अरेस्टमध्ये फॉर्म तुम्हीच भरलेला असतो, सही तुमचीच असते. धाकाखाली केलेली सही ही या नियमांच्या नजरेत तुमची संमतीच ठरते. मला हे अन्यायाचं वाटतं. पंधरा वर्षं फक्त पेन्शन जमा होणाऱ्या खात्यातून एका आठवड्यात चार अनोळखी खात्यांत सगळी पुंजी जाते आणि बँकेच्या संगणकाला त्यात काही वावगं दिसत नाही, हे पटत नाही. आणि समोरच्या बँकेने ते भाड्याचं खातं केवायसी करूनच उघडलेलं असतं ना? ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम केला, की फसवून करवून घेतलेल्या देशांतर्गत पेमेंटची ८५,००० पौंडांपर्यंतची भरपाई बँकांनी द्यायची, निम्मी पाठवणाऱ्या बँकेने आणि निम्मी स्वीकारणाऱ्या. त्यामुळे चोराचं खातं उघडणाऱ्या बँकेलाही झळ बसते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबरला देशभरातल्या डिजिटल अरेस्ट प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. भाड्याची खाती ओळखायला आधुनिक तंत्र का वापरलं जात नाही, असंही रिझर्व्ह बँकेला विचारलं. बँकांच्या जबाबदारीचा प्रश्न सुटेल तो तिथूनच.

तोवर घरात करण्यासारखं एक काम आहे. आई-बाबा, काका-काकू, शेजारच्या एकट्या राहणाऱ्या मावशी यांच्याशी एकदा निवांत बसून बोलायचं. ‘अनोळखी नंबर उचलू नका’ असं बजावून भागत नाही, ते उचलणारच, कुरिअरवालाही अनोळखी नंबरवरूनच फोन करतो. त्याऐवजी असं सांगा: कुणी म्हणालं, घरच्यांना सांगू नका, तर त्याच क्षणी फोन ठेवून मला सांगायचं, रात्रीचे तीन वाजलेले असोत. फोन ठेवल्याने कुणी गुन्हेगार होत नाही. खरंच काही असेल तर पोलीस दारात येतील, तेव्हा आपण दोघं मिळून बोलू. आणि हे सांगताना आवाजात ‘तुम्हाला कळत नाही’ असा सूर नको. ज्या घरात बारीकसारीक चुकीवरून म्हाताऱ्या माणसाला बोललं जातं, तिथे तो संकटाच्या वेळीही काही सांगत नाही.

पैसे गेलेच असतील, तर त्या माणसाला पहिले काही दिवस एकटं सोडू नका. डिजिटल अरेस्टमधून बाहेर आलेली माणसं खचतात, जेवत नाहीत, स्वतःला कोसत राहतात. तक्रारीत तारीख-वार, नंबर, स्क्रीनशॉट, बँकेच्या पावत्या सगळं त्यांनाच आठवून द्यावं लागतं. रागावलेल्या नातेवाइकांपुढे ते आठवत नाही. फोनमधले चॅट आणि कॉलची नोंद लाजेने पुसून टाकू देऊ नका, पुरावा तोच आहे.

पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत आणखी एक फोन येऊ शकतो. ‘तुमची केस आमच्याकडे आलीय, रक्कम ट्रेस झालीय, पाच टक्के प्रोसेसिंग फी भरलीत की रिकव्हरी होईल.’ कधी तो वकील असतो, कधी सायबर तज्ज्ञ, कधी पुन्हा अधिकारीच. फसलेल्या माणसांच्या याद्याही विकल्या जातात. १९३० वर तक्रार करायला, पोर्टलवर नोंदणी करायला किंवा रोखलेली रक्कम सोडवण्यासाठी पोलिसांना कोणतीही फी द्यावी लागत नाही. न्यायालयात अर्ज करताना वकील लागला, तर तो तुम्ही स्वतः शोधलेला आणि प्रत्यक्ष भेटलेला असावा. पैसे गेलेल्या माणसाच्या फोनवर असा कॉल आला तर त्याच्या वतीने घरातल्या दुसऱ्या कुणीतरी तो घ्यावा, आणि तो नंबरही त्याच तक्रारीत जोडून द्यावा.